कधीच न आटलेली विहीर

आमच्या विहिरीचं पाणी सर्कशीतले तीन हत्ती सकाळपासून संध्याकाळपर्यंत पीत होते आणि पाणी बोटभरसुद्धा खाली गेलं नाही, ही गोष्ट सुभाष रोडवरच्या माझ्या भांड्यांच्या दुकानात मी किती वेळा सांगितली असेल? कुकर घ्यायला आलेल्याला सांगितली, कुकरची शिट्टी बदलायला आलेल्याला सांगितली. एक विमा एजंट दुकान चुकून आत शिरला होता, त्याला तर इतकी रंगवून सांगितली की तो विमा विसरला आणि हत्तींचं पुढं काय झालं ते विचारत बसला. मुळात हत्ती एकच होता, तोही आजोबांच्या तोंडी. वडिलांनी दोन केले. मी धंदा वाढवणारा माणूस, मी तीन केले.

गल्लीला हे माहीत आहे. आमच्या गल्लीत माझ्या बोलण्याला चारानं भागायची रीत आहे. मी म्हटलं लग्नाला दोन हजार माणूस होतं, की ऐकणारा मनात म्हणतो पाचशे. मी म्हटलं चार तास ताटकळलो, की समोरचा म्हणतो, "हौद्री अण्णा, होय होय, तासभर थांबला असाल." यात कुणी कुणाला फसवत नाही. मी चौपट देतो, ते चौथा हिस्सा घेतात आणि चहा पिऊन सगळे आपापल्या घरी जातात.

ज्याला हा भागाकार कुणी शिकवलेला नाही असं माणूस गल्लीत राहायला आलं आणि मी पहिल्यांदा कुणालातरी खरोखर फसवलं. ते मी तीन वर्षं लिहायचं टाळत होतो.

आमची गल्ली धारवाडात, बाजाराच्या मागं. आम्ही बहुतेक घरं मिरज-कोल्हापूरकडून तीन-चार पिढ्यांपूर्वी आलेली. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड, भांडताना दोन्ही. अलीकडं सगळ्यांनी घरांवर मजले चढवले आणि भाड्यानं दिले. तिथं कॉलेजात शिकवणारे आले, तारिहाळच्या कारखान्यांत जाणारे इंजिनिअर आले, बँकवाले आले. कुणी केरळचे, कुणी बिहारचे, कुणी ओडिशाचे. गल्लीनं त्यांना एक नाव देऊन टाकलं, वरची मंडळी. आम्ही खालची.

नळाला पाणी आठवड्यानं येतं, कधी दहा दिवसांनी, आणि वरच्या मजल्यांपर्यंत चढण्याइतका दम त्याच्यात नसतो. म्हणून पाण्याच्या दिवशी कोपऱ्यावरच्या नळाशी कळश्यांची ओळ लागते. प्रत्येक कळशीवर नाव असतं. ती नावं मीच घातलेली, माझ्या दुकानात नावं घालायची मशीन आहे. दाढ दुखणाऱ्या भुंग्यासारखी घूं घूं करते. वरच्या मंडळींच्या कळश्या मात्र घरमालकांनी दिलेल्या, तेव्हा नाव मालकाचं. आणि मालकाची एक कळशी आधीच पुढं असते, म्हणून त्याच नावाची दुसरी कळशी आपोआप ओळीच्या शेवटी. असा नियम कुणीच केला नव्हता, पण तो मोडायचं धाडस कुणाला नव्हतं.

समोरच्या घरात दुसऱ्या मजल्यावर एक बाई राहायला आल्या, ओडिशाच्या. नवरा तारिहाळला इंजिनिअर, आणि बाई स्वतः डॉक्टर. समाज कसा चालतो त्याचा अभ्यास केलेल्या डॉक्टर, पण हे कळेपर्यंत गल्लीतल्या आठ म्हाताऱ्यांनी त्यांना गुडघे दाखवून झाले होते. (दोघांनी. भागून घ्या.) त्यांना हिंदी यायची, इंग्रजी यायची. कन्नड आणि मराठी येत नव्हती.

पहिल्याच पाण्याच्या दिवशी त्या माझ्या दुकानात आल्या, हातात रिकामी कळशी.

"अण्णाजी, इस पर मकानमालिक का नाम क्यों है?"

मी म्हटलं, "घर उनका है ना, बाई."

"घर उनका है. प्यास तो मेरी है."

मी हसलो. त्याही हसल्या, पण पुढं जे बोलल्या ते हसण्यातलं नव्हतं. म्हणाल्या, तीन शहरांत राहिले, तिन्ही ठिकाणी लोक मला 'दुसऱ्या मजल्यावरची' म्हणत. एवढं शिकले, पण एका गल्लीत माझ्या नावाची कळशी ओळीत नाही. इथं ठेवायची आहे.

माझी जीभ म्हणजे उतारावरची सायकल. मी म्हटलं, "बाई, गल्लीच्या पाण्यासाठी तुम्ही काहीतरी करून दाखवा. त्या दिवशी कळशी माझ्याकडून आणि नाव मी माझ्या हातानं घालीन." असली आश्वासनं मी दिवसाला वीस देतो. गल्लीतल्या कुणी ऐकलं असतं तर भागून, फार तर एक तांब्या मिळेल असं धरलं असतं. बाईंनी अख्खी कळशी धरली.

महिन्याभरानं त्या गल्ली समितीच्या सभेला आल्या. आमची समिती म्हणजे गणपतीला जागी होणार आणि विसर्जनाला झोपणार. तिथं त्यांनी दोन गोष्टी मांडल्या. एक, समितीला अध्यक्ष एक नको, दोन हवेत, एक खालचा आणि एक वरचा. दोघांनी मिळून ठरवायचं, दोघांची सही. दुसरी गोष्ट, पाण्यासाठी बाहेरच्या कुणी येऊन अभ्यास करण्याची वाट न बघता आपला अभ्यास आपणच करायचा. नळ नव्हते तेव्हा गल्ली पाणी पीत होतीच की. त्या विहिरी फरशीखाली झाकल्या आहेत. कुठल्या विहिरीला किती पाणी होतं ते म्हाताऱ्या माणसांना विचारू, लिहून काढू, आणि जिला खरंच पाणी असेल तिचा गाळ काढू.

"एका म्यानात दोन तलवारी?" किराणावाले मामा म्हणाले. मामा म्हणजे आमच्या समितीचे कायमचे विरोधी पक्षनेते.

"तलवारी कुठायत मामा? दोन खुर्च्या आहेत," मी म्हटलं.

"दोन खुर्च्या म्हणजे दोनदा चहा आला."

या मुद्द्यावर ठराव एकमतानं पास झाला. खालची खुर्ची मला मिळाली, कारण मी सगळ्यांत मोठ्यानं बोलतो. वरची बाईंना.

कामाची पद्धत बाईंनी घालून दिली. जोडीनं जायचं. खालच्या माणसानं बोलायचं, हिंदीत सांगायचं, वरच्यानं लिहायचं. नोंदीच्या तळाशी दोघांच्या सह्या. आणि सह्यांच्या वर एक ओळ छापलेली: 'ज्यांनी सांगितलं त्यांना वाचून दाखवलं.' तिथं टिक केल्याशिवाय सही करायची नाही. मामांनी विचारलं, एकदा सांगितलेलं परत त्यालाच कशाला वाचायचं? बाई म्हणाल्या, कारण ती त्याची गोष्ट आहे, आपण फक्त कागद आहोत. मला ते वाक्य इतकं आवडलं की दुसऱ्या दिवशी दुकानात मी ते माझंच म्हणून चार गिऱ्हाइकांना ऐकवलं.

ते दोन महिने माझ्या आयुष्यातले फार चांगले गेले, हे कबूल करतो. चाळीस वर्षं गल्ल्यावर बसून मी बोलत आलो, पण माझं बोलणं कुणी लिहून घेतंय असं कधी झालं नव्हतं. बाई पेन उघडून माझ्याकडं बघायच्या आणि माझ्या अंगात नारद संचारायचा. मामांनी सांगितलं, त्यांच्या विहिरीत धामण होती. मी हिंदीत सांगितलं अजगर.

"अजगर? धारवाड में?"

"छोटा अजगर, बाई."

लिहिलं. मामांना वाचून दाखवताना मी धामणच म्हटलं, मामांनी मान डोलावली. अजगरानं कुणाचं काय वाईट होणार होतं?

मग आमच्या विहिरीची पाळी आली. मी म्हटलं, हिच्यासाठी कुठं जायला नको, मालक समोर बसलाय, विचारा. बाईंनी मान हलवली. "आप तो मालिक हैं. किसी और से भी पूछना पड़ेगा." आमची विहीर झाकून पन्नासेक वर्षं झाली. वडील गेले, चुलते गेले. जाणतं माणूस एकच उरलं होतं, गल्लीच्या पलीकडं बौद्ध वस्तीत राहणाऱ्या अक्का. शाळेत आया म्हणून नोकरी करून निवृत्त झालेल्या, ऐंशीच्या आतबाहेरच्या.

आम्ही गेलो तेव्हा अक्का अंगणात शेंगा फोडत बसल्या होत्या.

"या, धाकटे सावकार! वाट चुकला व्हय?"

माझं वय तेव्हा त्रेसष्ट. अक्कांच्या लेखी मी अजून धाकटाच.

"अक्का, ह्या बाईंना आमच्या विहिरीबद्दल विचारायचंय."

"तुमच्या हिरीबद्दल मला?" त्यांनी एक शेंग फोडली. "बरं हाय. इचारा."

मी विचारलं, उन्हाळ्यात पाणी किती असायचं.

"पाणी कुठलं? शिमगा झाला की आटायची. दरसाल. खाली काळा दगुड हाय, सपाट, पाटासारखा. त्येच्या खाली काय न्हाई. मग गाळ काढाया माझ्या बापाला नि चुलत्याला बलवायचे. ते उतरायचे, मी पोरगी वर दोराजवळ." शेंगा फुटत होत्या, आवाज चढत नव्हता. "आमच्या आईला त्या हिरीत घागर बुडवाया मनाई. तुमची माणसं चार हात लांबनं वतायची. पर आटली की आमचाच बाप आत. कोरड्या हिरीला इटाळ न्हाई, सावकार. पाणी आलं की इटाळ."

बाई माझ्याकडं बघत होत्या. पेन उघडं.

"क्या कहा?"

मी म्हटलं, "कह रही हैं, कुआँ बहुत पुराना है. कभी नहीं सूखा. इनके घर भी वहीं से पानी आता था."

"कभी नहीं?" बाईंनी कपाळाला आठी घातली. "लेकिन ये तो बहुत देर बोलीं. दोर भी बोला. रस्सी?"

"गहरा कुआँ है ना, बाई. लंबी रस्सी."

त्यांनी लिहिलं. अक्का माझ्याकडं बघत राहिल्या, हातातली शेंग न फोडता.

आयुष्यभर मी वाढवूनच सांगत आलो. त्या अंगणात मी पहिल्यांदा काढून टाकलं. एक बाप, एक चुलता, दोराजवळ उभी असलेली एक पोर, सगळे काढून टाकले आणि त्यांच्या जागी आजोबांचा हत्ती परत उभा केला. का? त्या क्षणी मी स्वतःला सांगितलं की बाहेरगावच्या बाईसमोर गल्लीची अब्रू जायला नको. हे खरं नव्हतं. अब्रू माझ्या घराची होती. मला तोवर माहीत नव्हतं असंही नाही. घरात कधी कुणी बोललं नव्हतं, एवढंच.

बाईंनी नोंद टाइप करून माझ्याकडं दिली. "अक्का की बोली मुझे नहीं आती. आप पढ़कर सुना दीजिए." मी ती दोन दिवस मशीनच्या खणात ठेवली. तिसऱ्या दिवशी 'वाचून दाखवलं' पुढं टिक केली आणि सही ठोकली. एकाऐवजी दोन प्रतींवर, झोकदार.

निवडीच्या सभेत शेवटी दोन विहिरी उरल्या, एक मारुतीच्या देवळामागची आणि एक आमची. देवळामागच्या विहिरीच्या नोंदीत होतं, 'वैशाखातही कळशी बुडेल एवढं पाणी राहायचं.' आमच्या विहिरीच्या नोंदीत होतं, 'कधीच आटली नाही.' बाईंनी ते मोडक्या कन्नडमध्ये आणि त्याहून मोडक्या मराठीत वाचलं. पाठ करून आल्या होत्या.

हेच वाक्य मी उठून बोललो असतो तर अख्ख्या सभेनं चारानं भागलं असतं. पण ते टाइप केलेलं होतं, डॉक्टर बाईंच्या तोंडून आलं होतं, खाली दोन सह्या होत्या. कुणीच भागलं नाही.

"म्हणजे हत्ती खरेच होते की काय, अण्णा?" मामांनी विचारलं.

आणि मी, देवा, मी म्हणालो, "तीन."

शिमगा व्हायच्या आधीच फरशी फोडली. किती रविवार गेले? माझ्या तोंडून ऐकाल तर पन्नास. सात होते. त्या सात रविवारी मी आमची गल्ली जशी बघितली तशी आधी नाही आणि नंतर नाही. केरळचा बँकवाला टोपल्या ओढतोय, मामा त्याला कन्नड शिव्या शिकवताहेत, बिहारचा मास्तर खाली उतरलाय आणि त्याच्या कमरेचा दोर घरमालकानं धरलाय. विहिरीतून एक सायकल निघाली, तीन कुकर निघाले, कुणाचातरी पंखा निघाला, आणि वडिलांनी नाव घातलेले तांबे तर इतके की मला आमच्या धंद्याचा अभिमान वाटावा की शरम, कळेना. बाई वर उभ्या राहून काय काय निघालं ते लिहीत होत्या आणि मधूनच माझ्याकडं बघून बोटांनी हवेत अक्षरं काढायच्या. त्यांचं नाव. कळशीवर कसं घालायचं ते. मी दुकानात एक जाड तांब्याची कळशी बाजूला काढून कागदात गुंडाळून ठेवली होती. ते मात्र खरंच केलं होतं.

सातव्या रविवारी खालून आवाज आला, खण्ण. बिहारचा मास्तर ओरडला, "पत्थर है! एकदम सपाट!"

पाटासारखा. मला माहीत होतं, खोरं लागायच्या आधी माहीत होतं. काळा दगड झाडून स्वच्छ केला. पुढचे दोन दिवस सगळे येऊन वाकून बघून गेले. दगड कोरडा ठणठणीत.

सभा देवळाच्या मंडपात भरली. सात रविवारांचा घाम ज्यांनी गाळला होता त्यांना आता कुणाच्यातरी डोक्यावर तो ओतायचा होता.

"वरच्यांना काय कळतंय आमच्या विहिरी!"

"कागद रंगवून जमिनीतनं पाणी निघतंय होय?"

"म्याडम, कोण म्हणालं तुम्हाला कधी आटली नाही म्हणून? सांगा की."

बाईंच्या मांडीवर फाइल उघडी होती. मी शेजारच्या खुर्चीवर, जोडखुर्चीवर. मला माझी सही दिसत होती, टिक दिसत होती. बाईंनी त्या ओळीवर बोट ठेवलं आणि माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. वाट बघत. एखादा माणूस दारात थांबून आपल्याला आधी जा म्हणतो ना, तसं.

मी माझ्या चपलेचा अंगठा बघत होतो. त्याची शिवण उसवली होती. मला ती शिवण अजून टाक्यांसकट आठवते.

बाईंनी फाइल मिटली आणि सावकाश, जपून, मराठीत म्हणाल्या, "लिहिलं मी. चूक माझी."

"दोन खुर्च्या केल्या की हेच होतंय," कुणीतरी मागून म्हणालं. दोन खुर्च्यांची रीत त्याच सभेत मोडली. एक अध्यक्ष नेमायचं ठरलं. टाळ्या वाजवून मला नेमलं. ज्याची जीभ चाळीस वर्षांत कधी थांबली नाही, त्याच्या तोंडून त्या दिवशी 'थांबा' एवढासुद्धा शब्द निघाला नाही.

त्यानंतर पाच-सहा वेळा पाणी आलं. बाईंची कळशी, म्हणजे मालकाची, ओळीच्या शेवटी असायची. मग एके दिवशी सामानाचा टेम्पो लागला. रायापूरला घर बघितलं होतं, तारिहाळच्या वाटेवर, नवऱ्याला सोयीचं. त्यांनी मालकाची कळशी चिंचेनं घासून, उपडी करून पायरीवर ठेवली. मी दुकानात होतो. दुकानातच राहिलो. देवळामागच्या विहिरीचा विषय मी नंतर एकदा काढून बघितला. मामा म्हणाले, "पुरे झाल्या अण्णा विहिरी." तिच्यावरची फरशी अजून तशीच आहे.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडावर मशीनचं टोक तुटलं. दुरुस्तीला काढली तर खालच्या खणातून त्या नोंदीची दुसरी प्रत निघाली. टिक, सही, सगळं ताजं. ती घेऊन मी अक्कांकडं गेलो. तीन वर्षं उशिरा वाचून दाखवलं. हिंदीतलं मराठीत करून, एक शब्द न बदलता.

अक्कांनी ऐकून घेतलं. "हे कोन म्हनालं?"

"मी."

"ठाऊक हाय मला."

"तुम्हाला हिंदी कळत होती?"

"शिनेमा काय तुमीच बघता?"

"मग तेव्हाच का नाही बोललात, अक्का?"

"बघत व्हते, तुमी कुटवर जाताय." मग म्हणाल्या, "ती बाई सभा झाल्यावर आली व्हती. एकटी. मोडकंतोडकं बोलत. मी समदं पुन्यांदा सांगितलं. तिनं लिवलं, मला वाचून दावलं, तीनदा. मग येत ऱ्हायली. माझ्याजवळ बसून बोलाया शिकली. आता वस्तीतल्या बायांनी नि तिनं मिळून आमच्या जुन्या लोकांचं लिवायचं काढलंय."

"तिनं गल्लीत का नाही सांगितलं?"

"मी म्हनलं, सांग जाऊन. ती म्हनली, सही अण्णांची हाय. अण्णांनी सांगाया पायजे."

तीन वर्षं. त्या रायापुरात बसून वाट बघत होत्या असं म्हणणं म्हणजे पुन्हा माझं मोठेपण झालं. कुणी एवढी वाट बघत नाही. पण दार त्यांनी लावलं नव्हतं.

मी कोरा कागद काढला. अक्का सांगत गेल्या, मी लिहीत गेलो. शिमगा, दगड, बाप, चुलता, दोर, चार हात लांबून ओतलेलं पाणी. एका जागी मी 'शंभर टोपल्या गाळ' लिहिलं. वाचून दाखवताना अक्कांनी हात वर केला. "शंभर कुठल्या? पंधरा-वीस." मी खोडलं. मग त्यांनी चष्मा मागवला आणि सही केली. शाळेत शिकलेल्या पोरीसारखी, गोल अक्षरांत.

दुसऱ्या दिवशी मशीन दुरुस्त होऊन आली. मी ती तांब्याची कळशी कागदातून काढली आणि बाईंचं नाव घातलं. कागद खिशात, कळशी मांडीवर, बसनं रायापूर.

घर सापडायला वेळ लागला नाही. पुढच्या नळाशी कळश्यांची ओळ होती आणि ओळीत तिसरी कळशी स्टीलची, बाईंच्या नावाची. अक्षरं तिरकी, दुसऱ्याच कुणाच्यातरी मशीनची. मी माझी कळशी नकळत पाठीमागं घेतली.

"या अण्णा," बाई दारात आल्या. "कधी आलाव? बसा की." मराठी. अक्कांचं मराठी, अक्कांच्या वळणाचं. मला दुभाष्या व्हायला आता काही उरलं नव्हतं.

मी कागद दिला. त्यांनी उभ्यानंच वाचला, पहिल्यापासून शेवटपर्यंत, मग पुन्हा. नंतर माझ्याकडं बघून विचारलं, "अण्णा, ह्याला चारानं भागायचं का?"

"कुणी सांगितलं तुम्हाला हे?"

"अक्कांनी. लई उशिरा."

"नका भागू," मी म्हटलं. "ह्याला नका."

मी जुन्या नोंदीसारखीच तळाशी ती ओळ नि त्यांच्या सहीची जागा ठेवली होती, ती दाखवली. त्यांनी पेन उघडलं, आणि मग वरच्या ओळीवर बोट ठेवलं. 'वाचून दाखवलं.'

"अक्कांना दाखवलं," मी म्हटलं.

"आणि गल्लीला? खोटं तर तिलाच वाचून दाखवलं होतं."

मी मान हलवली.

"मग मी सही कशी करू, अण्णा?" असं म्हणून त्यांनी कागद घडी करून माझ्या हातात परत दिला. चहा केला. मी प्यालो. कळशीचं मी काही बोललो नाही, त्यांनीही विचारलं नाही.

ही सगळी हकीकत मी गल्लीत वाचायला म्हणून लिहिली आहे. अजून वाचलेली नाही. सभा बोलवायची म्हणतो आणि काहीतरी निघतं, कधी लग्न, कधी दुकान.

त्या दिवशी परतीच्या बसमध्ये शेजारी एक बाई बसल्या होत्या, हुबळीहून येत असाव्यात. कळशीकडं बघून म्हणाल्या, "छान आहे की. नाव कुणाचं घातलंय?"

"आमच्या गल्लीतल्या एका बाईंचं," मी म्हटलं.

"बरं, बरं," त्या म्हणाल्या आणि पुढच्या स्टॉपला उतरून गेल्या. त्यांनी ते तसंच्या तसं, न भागता घेतलं होतं.